किड्यांच्या पाच ओळी

दसरा आठ-दहा दिवसांवर आला की आमच्या गावात एक वास येतो. सडक्या लसणासारखा, वरून थोडा गोडसर. सकाळी दव सुकलं, ऊन वर आलं की तो वावरांकडून निघतो, विहाराच्या मागच्या घरांवरून, शाळेच्या पटांगणावरून सरकत आमच्या घरापर्यंत पोचतो. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. तो आला की मी उठतो आणि खिडकी लावून घेतो. खिडकी लावून वास थांबत नाही हे बायकोला ठाऊक आहे आणि मलाही. पण काहीतरी केल्यासारखं वाटतं. आयुष्यभर मी बहुतेक गोष्टी अशाच, काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून केल्या आहेत.

या वासाबरोबर दरवर्षी माझा एक निश्चयही येतो. उत्तमभाऊच्या घरी जायचं आणि एक वाक्य बोलून यायचं. वाक्य तयार आहे, पाठ आहे: उत्तमभाऊ, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं, आणि माहीत असून सांगितलं. दोन स्वल्पविराम आणि एक पूर्णविराम. एवढं बोलायला किती वेळ लागतो? मला कितीतरी दसरे लागले. कधी पाऊस आडवा आला, कधी पाहुणे आले, कधी गुडघा दुखला. वास विरला की निश्चयही विरायचा, मग कापूस वेचणी सुरू व्हायची आणि मी पुन्हा शहाण्यासारखा वर्तमानपत्र वाचत बसायचो.

उत्तमभाऊ म्हणजे माझ्या वावराचा शेजारी. महागावच्या या बाजूला आमचं गाव, गावाच्या उताराला माझं वडिलोपार्जित वावर, आणि त्याच्या खालच्या अंगाला उत्तमभाऊचं दीड एकर. मधे एक धुरा, म्हणजे बांध. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि सुटीच्या दिवशी शेतकरी व्हायचो. तो आणि त्याची बायको निर्मलावहिनी स्वतःचं दीड एकर आवरून माझ्याकडे कामाला यायचे. आमची ओळख धुऱ्यावरची. तिथे आम्ही तंबाखू मळली, पावसाला शिव्या दिल्या, ढगांकडे बघून भविष्य सांगितलं. त्याच्या घरात मात्र मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. घर विहाराच्या मागे, माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर. सात मिनिटं इतकी वर्षं मला का जमली नाहीत, याचं उत्तर मला येतं, पण लिहायची लाज वाटते.

बीटीचं बियाणं आलं तेव्हाचे दिवस आठवतात. झाडाच्या अंगातच विष. अळीनं पान खाल्लं की अळीच मरायची. त्याआधी हिरव्या बोंडअळीनं आमच्या भागाला इतकं छळलं होतं की हे बियाणं म्हणजे आम्हाला चमत्कारच वाटला. फवारणी जवळजवळ थांबली, वावरं हिरवीगार, माणसं खुशीत. आणि त्या बियाण्याच्या मोठ्या पाकिटाला चिकटून एक बारकी पुडी यायची. मुठीत मावेल एवढी. आत साधी सरकी, बिनविषाची. सोबत एक पत्रक: वावराच्या चारी बाजूंनी या साध्या बियाण्याच्या पाच ओळी लावा.

गावात ते पत्रक वाचून कळणारा माणूस एकच होता, तो मी. मला ते फार आवडलं होतं, हे कबूल करतो. दहावीला मी वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या झाडांचा धडा दरवर्षी शिकवत होतो, आणि इथे तो धडा चक्क वावरात लावायला दिला होता. गोष्ट सोपी आहे. विष खाऊन सगळ्या अळ्या मरतात, पण एखादी वाचते. तिचं पाखरू होतं. त्याला आपल्यासारखंच वाचलेलं दुसरं पाखरू भेटलं तर पुढची सगळी पिल्लावळ विष पचवणारी निघते. पण कडेच्या साध्या पऱ्हाटीवर, विष कधी न चाखलेली पाखरं भरपूर वाढलेली असली, तर ते त्यांच्यात मिसळतं आणि पिल्लं पुन्हा विषाला बळी पडणारीच होतात. म्हणजे किड्यांना थोडं खाऊ द्यायचं, म्हणजे ते आपलं सगळं खात नाहीत. इतकं सरळ.

आमचे बाबा यातलं काही शिकले नव्हते, पण कपाशीच्या कडेनं ज्वारीचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, टाकल्याशिवाय त्यांची पेरणी पुरी होत नसे. ते ज्वारी पेरायचे चिमण्या-साळुंक्यांसारख्या पाखरांसाठी आणि कणसं भरली की त्याच पाखरांना आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. पाखरं ज्वारीवर बसायची, तिथून पऱ्हाटीत उतरून अळ्या वेचायची, आणि बाबांच्या शिव्या ऐकत पुन्हा कणसावर जायची. मधे अंबाडी असायची, मूग असायचा, धुऱ्यावर भेंडी आणि वालकाचे वेल. कुणी वाटसरू वालूक तोडून खात गेला तर बाबा बघून न बघितल्यासारखे करत. वावरातलं सगळंच आपलं नसतं, असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलायला ते फारसे राजी नसत. नुसते तसे वागत.

बाबा गेले आणि पहिल्याच हंगामात मी ज्वारीचे ते दोन तास बंद केले. अंबाडी बंद केली. धुऱ्यावरची दोन पळसाची झाडं आणि एक जुना मोह तोडला, कारण त्यांच्या सावलीत पऱ्हाटी खुरटते असं मी कुठंतरी वाचलं होतं. वाचलेला माणूस होतो. मोह तोडला तेव्हा उत्तमभाऊ नुसता बघत उभा होता. मग म्हणाला की उन्हाळ्यात बसायला बरं होतं. मी त्याला म्हटलं, बसायला घर आहे ना.

आता टोबणीच्या त्या सकाळबद्दल. टोबणी म्हणजे काडीनं बारीक खड्डा करून त्यात सरकीच्या दोन-दोन बिया टाकत जाणं. बाया ओळीनं वाकून चालतात आणि गप्पांना ऊत येतो. त्या दिवशी माझ्या वावरात सात-आठ बाया, उत्तमभाऊ, आणि शेजारच्या वावरातले दोघे-तिघे तंबाखूला आलेले. उत्तमभाऊनं ती बारकी पुडी हातात धरली, उलटीपालटी करून पाहिली आणि मला विचारलं, "सर, हे बारकी पुडी कुठं लावाची?"

मग काय, मास्तर सुटला. मी तिथेच धुऱ्यावर उभा राहून सगळा धडा घेतला. अळी कशी वाचते, पाखरू कसं होतं, कोण कोणात मिसळतं, पिल्लं कशी निघतात. हातवारे करून सांगितलं. बायांनी काड्या थांबवल्या होत्या. वर्गात एवढी शांतता मला कधी मिळाली नव्हती. माझं बोलून झाल्यावर निर्मलावहिनींनी विचारलं, "म्हंजे हा किड्यायचा वाटा झाला, नाई का सर?"

त्यांनी माझा अख्खा धडा चार शब्दांत बसवला होता. मी म्हणायला हवं होतं, हो, अगदी तेच. पण शेजारच्या वावरातला एक जण फिस्सकन हसला, आणि मला वाटलं हसणारे माझ्याही नावानं हसतील. मास्तर किड्यांना पंगत घालायला सांगतो म्हणतील. म्हणून मी त्यांच्या आधी हसलो. म्हटलं, "पाच तास किड्यायले देल्ले तं आपण काय खाचं? फेका थे पुडी."

सगळे हसले. मस्त हसले. मी ती पुडी घेऊन उकिरड्याच्या दिशेनं भिरकावली, आणि ती बरोबर जाऊन पडली, त्याचंही कौतुक झालं. दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. पुढच्या आठवड्यात कुणालाही विचारलं की पुडीचं काय केलं, तर उत्तर एकच होतं: फेकली, सरनं सांगतलं. मी काही चुकून बोललो असतो तर आज एवढं टोचलं नसतं. अडाण्यानं केलेल्या चुकीला माफी असते. मी तर आधी पूर्ण उत्तर बरोबर लिहिलं आणि मग पानावर आडवी रेघ मारली.

एकट्या उत्तमभाऊनं पुडी लावली. दीड एकराच्या चारी कडांना पाच-पाच ओळी म्हणजे त्याच्या वावराचा चांगला मोठा तुकडा. लोकांनी त्याला सोडलं नाही. किड्यांचा सोयरा म्हणू लागले. मीसुद्धा धुऱ्यावर भेटलो की विचारायचो, काय उत्तमभाऊ, पंगत उठली का? तो हसायचा, तंबाखू मळायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावायचा. त्यानं असं किती वर्षं केलं? स्वतः पेरत होता तितकी वर्षं.

आणि गंमत बघा, माझ्या उकिरड्यात त्याच पावसाळ्यात ती पुडी फुटून पंधरा-वीस झाडं उगवली होती. शेणखतावर ती तरारून आली, पिवळी फुलं धरली, त्यांवर मधमाशा घोंघावायच्या. किड्यांचा वाटा उकिरड्यावर का होईना, उभा होता. पोळ्याच्या आधी उकिरडा साफ करताना मी ती झाडं उपटून टाकली.

दहाएक वर्षं सगळं छान चाललं. माणसाचं नशीब असं की चूक केल्याबरोबर थप्पड बसत नाही. लगेच बसली असती तर कुणी सुधारलं तरी असतं. इथे आपण विसरून जातो, आणि मग एक दिवस कुणीतरी दुसराच माणूस ती थप्पड खातो.

ज्या हंगामाबद्दल मी लिहितो आहे, त्या वर्षी पावसाचं काही खरं नव्हतं. जुलैत गायब झाला आणि भादव्यात असा कोसळला की पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. आश्विनात आमच्याकडे सकाळी अंगाला गार वारा लागायचा, गोधडी शोधावी लागायची. त्या वर्षी नुसती उमस. अंगाला सदरा चिकटलेला, ढग आहेत पण पाऊस नाही, वारा तर औषधालाही नाही. त्यातच एका सकाळी मला पऱ्हाटीत एक वेगळंच फूल दिसलं. पाकळ्या उघडलेल्या नाहीत, एकमेकींत मुरगळून कळीसारख्याच राहिलेल्या. मला ते सुंदर वाटलं. खोटं कशाला सांगू, मी ते बायकोला दाखवायला घरी आणलं. तिला आमच्या सालदारानं सांगितलं, वहिनी, ही डोमकळी, हिच्यात गुलाबी अळी असते. मी फूल फोडलं. होती.

मग बोंडं फोडून पाहिली. बाहेरून हिरवीगार, टणक, कशाची शंका येऊ नये अशी. आत सरकीच्या जागी ती गुलाबी अळी, आणि कापसाची पिवळी कवडी झालेली. हीच ती, विष पचवणारी. माझ्या धड्यातली, अगदी धड्याप्रमाणे तयार झालेली. मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिच्याकडे बघून मला आधी राग आला, मग भीती वाटली. लाज तेव्हा वाटली नाही. ती पुष्कळ उशिरा आली.

गावात एकदम धावपळ उडाली. जो तो दिसेल ते औषध आणून फवारू लागला. मी एका रविवारी तीन वेगवेगळ्या बाटल्या आणल्या. बाटलीसोबत घडी घातलेलं पत्रक असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. चष्मा लावून मी ते वाचलं. दोन औषधं एकत्र करू नका. तोंडावर मास्क, हातात मोजे. पीक उंच असेल तर काळजी घ्या. मी सगळं वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मग बादलीत तिन्ही औषधं ओतली आणि तुराटीनं ढवळली. चमचाभर जास्तच टाकलं. अळी दणकट आहे म्हणून.

फवारायला उत्तमभाऊ. पाठीवर चायना पंप, ज्याचा फवारा धुक्यासारखा बारीक सुटतो. पऱ्हाटी त्याच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. नोझल वर धरला की फवारा पानांना लागून परत त्याच्याच तोंडावर यायचा. दोन पंप मारून तो बाहेर आला, तोंडाचा दुपट्टा सोडून पिळला. त्यातून पांढरं पाणी निघालं. तो मला म्हणाला, "सर, आज हवा पडली हाय. फवारा आंगावरच येऊन राह्यला. उद्या सकायी मारू काय?"

दुसऱ्या दिवशी सोमवार. मला शाळा होती. फवारणीवर लक्ष ठेवायला मला यायला जमणार नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं एखादं कारण मी पुढे पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. मी म्हटलं, "अळी उद्यालोक थांबन काय, उत्तमभाऊ?"

तो परत गेला. ओला दुपट्टा त्यानं तोडलेल्या पळसाच्या खुंटाला फुटलेल्या फांदीवर वाळत टाकला आणि तसाच उघड्या तोंडानं गेला. मी तो दुपट्टा तिथे लटकलेला पाहिला. मी स्वतः धुऱ्यावर, वीस पावलं लांब, नाकाला रुमाल लावून उभा होतो. रुमाल काढून हाक मारायला हवी होती. मी रुमाल काढला नाही.

त्या दुपारी वावरात आवाज नव्हता, हे मला मागाहून लक्षात आलं. पऱ्हाटीत आश्विनात किती आवाज असतात. मधमाशा, चतुर, भारद्वाजाचं घुमणं, टोळांची चिरचिर. त्या दिवशी फक्त पंपाची घरघर. ती थांबली की काहीच नाही. धुऱ्यावर माझ्या चपलेपाशी तीन-चार मधमाशा उलट्या पडून पाय हलवत होत्या. मी त्यांना चपलेनं बाजूला केलं.

पाचव्या पंपानंतर उत्तमभाऊ बाहेर येऊन बसला. डोळ्यात धूर धूर दिसते म्हणाला. मी विहिरीचं पाणी डोळ्यांवर मारायला सांगितलं आणि म्हटलं, आता थोडंच राहिलं. त्यानं आणखी दोन पंप मारले. मला त्याच्याकडून नाही म्हणवत नाही, अशी त्याची सवय मला ठाऊक होती, आणि ती सवय मी वर्षानुवर्षं वापरली होती.

दिवेलागणीला निर्मलावहिनी माझ्या अंगणात धापा टाकत उभ्या होत्या. त्याला उलट्या होत होत्या, तोंडातून फेस, आणि तो त्यांना ओळखत नव्हता. जीप मिळाली. आर्णीवरून यवतमाळ गाठेपर्यंत वहिनींनी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि पदरानं तोंड पुसत होत्या. मी पुढच्या सीटवर बसलो होतो. जीपभर तोच लसणासारखा वास.

दवाखान्याच्या वार्डात शिरलो आणि तोच वास तिथेही. पांढरकवड्याकडची माणसं, मारेगावकडची, दारव्ह्याकडची. कुणी बरळत होतं, कुणाचे हात पट्टीनं पलंगाला बांधलेले, कारण भ्रमात माणसं उठून पळायची. इतकी माणसं एकाच वासाची. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध फवारलं? वहिनी माझ्याकडे बघू लागल्या. मी तिन्ही नावं सांगितली. डॉक्टर लिहिताना थांबले आणि म्हणाले, तिन्ही एकत्र? तुम्ही काय करता? मी म्हटलं, शेती. शिक्षक आहे असं मी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला ते लपवावंसं वाटलं.

तो वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्यानं धुक्यातून दिसावं तसं दिसतं. माणूस समोर उभा आहे हे कळतं, कोण ते आवाजावरून.

तो दवाखान्यात असताना मी त्याचं वावर बघायला गेलो होतो. माझ्या मनात एक चोरटी आशा होती. त्यानं इतकी वर्षं पाच-पाच ओळी लावल्या, निदान त्याची पऱ्हाटी तरी चांगली असेल. तशी असती तर मला हलकं वाटलं असतं. मी बोंडं फोडत गेलो. त्याच्याही बोंडांत तीच गुलाबी अळी. असणारच. अळीला धुरा कळत नाही. चारी बाजूंच्या वावरांनी पुड्या फेकल्या आणि मधे एकट्या माणसानं कितीही इमानानं लावल्या, तरी आमच्या वावरातली अळीची पाखरं उडून त्याच्या वावरात जाणारच होती. त्याच्या वाट्याला किडे आमचे आले, विष माझं आलं. त्याचं स्वतःचं असं काही चुकलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांत लिहून आलं, निसर्ग कोपला. माझा त्या शब्दावर राग आहे. निसर्ग कोपत वगैरे नाही. त्याला आपल्याशी भांडण काढायला वेळ कुठे आहे? पाऊस लहरी झाला म्हणतो, हवा बिघडली म्हणतो, अळी माजली म्हणतो. मोह कुणी तोडला, ज्वारीचे तास कुणी मोडले, पुडी कुणी भिरकावली, ही वाक्यं कुणी छापत नाही. एवढ्या मोठ्या पृथ्वीचं ऊन वाढलं त्यात माझ्या एका मोहाचा हात किती, असं मीही स्वतःला विचारतो. पण असं प्रत्येकानंच विचारलं म्हणून तर एकही मोह उरला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तालुक्याहून एक कृषी साहेब आले. समाजमंदिरात सभा भरली. त्यांनी विचारलं, कडेच्या पाच ओळी कोणी कोणी लावल्या होत्या? कुणीच हात वर केला नाही. मग मागून, बायांमधून, एक हात वर आला. निर्मलावहिनींचा. साहेब शाबास म्हणाले आणि बाकीच्यांना म्हणाले, तुम्ही का नाही लावल्या? सभेत चांगले पन्नास-साठ जण होते. त्यांतल्या निम्म्यांना तरी नक्की ठाऊक होतं की का नाही लावल्या, कोणी काय सांगितलं. एकानंही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. एकानंही. सगळे खाली बघत बसले. त्यांची मुलं मी शिकवली होती, त्यांनी माझी लाज राखली. त्या दिवसापासून ती मला जास्त वाटू लागली.

मग निवृत्त झालो, वावर ठोक्यानं, म्हणजे वर्षाचा ठरीव पैसा घेऊन, कसायला दिलं. दरवर्षी वास येत राहिला, मी खिडकी लावत राहिलो.

यंदा जूनमध्ये ठोकेदार बियाणं दाखवायला घेऊन आला होता. मी सवयीनं बारकी पुडी शोधली. नव्हती. ती यायची केव्हाच बंद झाली, त्यानं सांगितलं. आता साधं बियाणं मोठ्या पाकिटातच मिसळून देतात. आजारी पोराला गुळात घालून गोळी देतात तसं. आम्ही मोठी माणसं, आम्हाला पाच ओळी लावायला सांगून झालं, समजावून झालं, आणि शेवटी कुणीतरी ठरवलं की यांच्या हाती द्यायचंच नाही. मला हसू आलं. मग ते हसू ओळखीचं वाटलं आणि मी थांबलो.

काल सकाळी वास आला. मी खिडकीकडे गेलो, आणि चपला घालून बाहेर पडलो. सात मिनिटं लागली.

उत्तमभाऊ अंगणात, कडुलिंबाखाली बाजेवर बसून अंबाडीचा दोर वळत होता. डोळ्यांचं काम नाही त्यात, हातांना सगळं ठाऊक असतं. मी आवाज दिला तर तो गडबडून उभा राहिला. वहिनींनी खुर्ची आणली, पाणी आणलं, चहा ठेवला. माझं अंगणात येणं त्या दोघांना इतकं मोठं वाटत होतं की मला खुर्चीवर नीट बसवेना. दोन-चार इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मी डोळे मिटून वाक्य म्हणून टाकलं. पाठ होतं, तरी मधे अडखळलो.

त्यानं दोराला आणखी एक वळ दिला. मग म्हणाला, "कोणतं सर? थे पुडीचं? थे तं तुमी चांगलं सांगतलं होतं."

मी म्हटलं, मी फेकायला सांगितलं होतं, उत्तमभाऊ. सगळ्यांसमोर हसलो होतो.

"थे तं मागून. आंदी तुमी सारं समजावून सांगतलं. किडा कसा किड्यात मिसयते, काहून लावाची. इतकं चांगलं मले कोनी कधी शिकवलं नोतं. म्हून तं मी लावली." मग, जणू माझीच समजूत काढत, "हासणं मी नाई धरलं. शिकवलेलं धरलं."

त्यानं राग धरला असता तर मी तो घेऊन घरी गेलो असतो, काहीतरी फेडल्यासारखं वाटलं असतं. त्यानं माझा विद्यार्थी असल्यासारखं सांगितलं. इतक्या वर्षांत मी शिकवलेलं खरोखर वावरात लावणारा माणूस हा एकच निघाला, आणि त्याच्याच डोळ्यांत मी धुकं भरलं. वहिनींनी चहा आणून दिला.

मग त्यानं विचारलं की ती पुडी आताही येते का. मी सांगितलं, नाही, आता मिसळूनच देतात. काहून, त्यानं विचारलं. लोक लावत नव्हते म्हणून, मी म्हटलं. त्यानं दोराचा पीळ अंगठ्यानं चाचपला. "म्हंजे कोणतं झाड किड्यायचं अन् कोणतं आपलं, थे आता समजतच नाई?"

नाही समजत, मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता कोनाले फेकता येत नाई." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

तेवढ्यात वास दाट झाला. हवा पडलेली, पान हलत नव्हतं, तरी तो उताराकडून अंगणात शिरला. सवयीनं माझी नजर खिडकी शोधू लागली. आम्ही उघड्या अंगणात बसलो होतो. उत्तमभाऊनं मान वळवून वास घेतला आणि विचारलं, "कोनाच्या वावरात मारून राह्यले, सर?"

त्या बाजूला आधी त्याचं दीड एकर, मग धुरा, आणि मग एकच वावर आहे.

"माह्याच," मी म्हटलं.

हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं. तो अगदी हळू म्हणाला, आज हवा पडली हाय, मारणाऱ्याले म्हणा, उद्या सकायी मार.

मी चहा तसाच खाली ठेवला आणि उठलो. वावराच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागून निर्मलावहिनींची हाक आली. "सर, तोंडाले रुमाल बांधा."

एवढं एक वाक्य. त्या रविवारी, धुऱ्यावर उभा राहून, त्या लटकलेल्या दुपट्ट्याकडे बघत, मी उत्तमभाऊला एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं.